बोळातल्या कपच्या, विहिरीतला दगड

दगडाला तोंड नसतं असं म्हणणाऱ्यांशी मी जन्मभर भांडत आलेय. आता गुडघे गेले, निम्मे दात गेले, तरी भांडायची काही थांबणार नाही. परवा नातीच्या शाळेतल्या एका बाईंनी मला विचारलं, "आजी, आपोआप फुटलेला दगड कुठला आणि आदिमानवानं घडवलेला कुठला, हे तुम्हाला कसं कळतं? कुठं शिकलात?" मी म्हटलं, कोयत्याला धार लावणाऱ्याच्या घरात. त्या हसल्या, त्यांना वाटलं म्हातारी थट्टा करतेय. मला राग आला. थट्टा करायला मी काय त्यांची नणंद आहे? पण त्यांना दोष तरी कशाला द्यायचा, आमच्या गावानंही मला तेव्हा असंच हसून घेतलं होतं. तर ते एकदा नीट लिहून ठेवते.

पलूसच्या अलीकडं, कृष्णेकडं उतरणाऱ्या बोळात आमचं घर शेवटचं. माझे अब्बा, बाबू शिकलगार, पंचक्रोशीत धार लावायचे. कोयते, खुरपी, विळ्या, अडकित्ते, न्हाव्याचे वस्तरे, शिंप्याच्या कात्र्या, सगळं आमच्या दारात यायचं. दारापुढं पत्र्याच्या छपरात त्यांचं चाक होतं, वरती डालड्याचा डबा टांगलेला, त्याच्या भोकातून चाकावर थेंब थेंब पाणी पडायचं. लोखंड टेकलं की खर्रर्र असा आवाज निघायचा आणि ठिणग्या उडायच्या. तो आवाज थांबला तर मला झोपेतसुद्धा जाग यायची. जळक्या लोखंडाचा वास अम्माच्या भाकरीला लागलेला असायचा, आणि खरं सांगू का, आजही हॉटेलातली भाकरी मला अळणी लागते ती त्यामुळंच. अम्मा माहेरची खंडाळ्याकडची. तिच्या हातचं हुलग्याचं माडगं आणि लसणीची चटणी खाऊन आम्ही वाढलो. मोहरमात ती चोंगे, म्हणजे गोड रोट्या करायची, तेव्हा बोळातली सगळी पोरं आमच्या उंबऱ्यावर बसलेली असायची. त्यात चेअरमन आण्णांचा विजयही असायचा. त्याचं नाव ध्यानात ठेवा.

घरात आम्ही आमची मुसलमानी बोली बोलायचो. पण धारेबद्दल काही सांगायचं असलं की अब्बा मराठीवर यायचे. धंद्याची भाषा गिऱ्हाइकाची, असं ते म्हणायचे. त्यांच्या सगळ्या शिकवण्या त्यामुळं मला मराठीत आठवतात. पातं परत देण्याआधी ते अंगठा धारेवरून आडवा न्यायचे, कधीच उभा नाही, आणि मग ते माझ्याकडं द्यायचे. मी धुवट चिंधीवर ओढून बघायची. चिंधी अडकली तर पातं पुन्हा चाकावर. गिऱ्हाईक घाई करायला लागलं, "आसूं दे की बाबूभाई, चालतंय," तरी ते द्यायचे नाहीत. "तुमाला चालंल. मला न्हाई चालणार. धार हाय म्हणून सांगायचं आन् नसली तर?" त्यांची एवढी एकच मिजास होती, आणि ती माझ्यात पुरेपूर उतरलीय. माझा नवरा म्हणायचा, जरा जास्तच उतरलीय.

मी नववीत होते त्या वर्षी आण्णांच्या मळ्यात नवी विहीर काढत होते. काळी माती संपली, पिवळी लागली, त्याखाली गोटे आणि वाळू घट्ट चिकटून बसलेला थर लागला. आतलं सगळं वर आणून बांधाला ढीग घातला होता. मी आण्णांच्या घरचे कोयते पोचवायला गेले होते. येताना त्या ढिगावर चढले, उगीचच, वाळूत पाय घालून बसायला. तिथं एक दगड हाताला लागला. तळहाताएवढा, आंब्याच्या कोयीसारखा, एका टोकाला गोल, दुसरीकडं चपटत गेलेला. त्याच्यावर जागोजागी पांढरट चुनखडीचा थर बसला होता. मी तो उचलला आणि माझा अंगठा आपोआप धारेवर आडवा गेला. धार होती! बोथट झालेली, पण होती. मी पळत घरी आले.

अब्बांनी चाक थांबवलं, हात पुसले आणि दगड घेतला. उजेडात धरून चारी बाजूंनी फिरवला. मग म्हणाले, "नदी दगडाला सगळीकडनं सारखी घासती. तिच्याजवळ लाडका-दोडका न्हाई. ह्यो बग, हिकडची बाजू गोट्यासारखी गुळगुळीत हाय, हात न्हाई लागलेला. आन् हिकडं? एक घाव हिकडनं, दगड पालथा केला, एक घाव तिकडनं. परत पालथा. नुसत्या ह्याच कडंला. नदीला एवढी अक्कल कुठली गं?" मी म्हटलं, म्हणजे माणसानं केलाय? तर ते म्हणाले, "माणसानं केला आसंल तर माणसाला करता आला पायजे."

आणि मग आमचं खूळ सुरू झालं. अब्बांनी नदीतून काळे गोटे आणले आणि रोज दुपारी, गिऱ्हाईक नसताना, परसात बसून दुसऱ्या गोट्यानं ते फोडायला लागले. पहिले आठ दिवस नुसता चुरा. एकदा कपची उडून त्यांच्या भुवईला लागली. अम्मा वैतागली, "बाप-लेकीचं डोस्कं फिरलंय, लोक कोयते घेऊन दारात हुबी आन् हे दगडं फोडत्यात." पण हळूहळू हात बसला. कडेला, तिरका, नेमका घाव घातला की लांब कपची सुटायची, आणि घावाच्या जागेखाली तिला एक फुगवटा यायचा, गालात घास धरल्यासारखा. मी तेव्हापासून तो फुगवटा शोधते. उन्हानं तडकलेल्या दगडाला तो नसतो, त्याचा नुसता पापुद्रा निघतो. नांगराचा फाळ लागलेल्या दगडावर लोखंडाची तांबडी रेघ राहते. गुऱ्हाळाच्या चुलवाणातला दगड तापून फुटतो, त्याच्यावर वाटीसारखे खळगे पडतात. हे कुठल्या पुस्तकात आहे की नाही मला माहीत नाही, मी ते परसात बसून शिकले.

त्या वर्षी श्रावणात बोळात चिखल मातला होता. गिऱ्हाइकांचे पाय रुतायचे. अब्बांनी काय केलं, परसातल्या सगळ्या कपच्या पाटीत भरल्या आणि बोळात पसरल्या. चांगलं झालं, चिखल बसला. पुढं काय वाढून ठेवलंय हे आमच्या ध्यानीमनीही नव्हतं.

आमचे इतिहासाचे सर देशमाने नावाचे. फार चांगला माणूस, आधी सांगून ठेवते. माझ्या निबंधावर 'उत्तम' असा शेरा मारणारे अख्ख्या शाळेत तेवढेच. ते कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि त्यांनी जाहीर केलं की आपल्या शाळेत अश्मयुगीन हत्यारांचं प्रदर्शन भरवायचं, पुण्याहून जाणकार बाई येणार. प्रत्येकानं दगड शोधून आणायचा. पोरं सुटली. आणि विजयला चार दिवसांत खजिना सापडला. कुठं? आमच्या बोळात! भाल्याच्या पात्यासारखी लांब, निळसर काळी कपची. ती बघून सर उड्या मारायचे बाकी राहिले. मग अख्खा वर्ग आमच्या बोळात वाकून वाकून कपच्या गोळा करायला लागला. सरांनी फळ्यावर लिहिलं, 'आपल्या गावातील अश्मयुगीन कारखाना.' आण्णा शाळेचे चेअरमन, त्यांच्या पोरानं तो शोधलेला, मग काय, शाळेत मांडव उभा राहिला.

मी सरांना गाठलं. म्हटलं, "सर, त्या कपच्या आमच्या अब्बांनी फोडल्यात. चिखलात टाकल्या होत्या." सर हसले. "हमिदा, तुझे वडील धार लावतात. दगड ते कशाला फोडतील?" मी सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा जरा पडला, पण तेवढ्यात विजय आला आणि सर म्हणाले, "दुसऱ्याला यश मिळालं की असं बोलू नये बाळ." मला! म्हणजे मी जळते! कानशिलं तापली माझी. त्या दिवशी मी त्यांच्यावर जेवढी चिडले तेवढी नंतर माझ्या सासूवरही चिडले नाही.

त्यावर कडी म्हणजे सरांनी फर्मान काढलं, सगळे दगड राखेनं घासा, धुवा आणि खोबरेल लावून आणा, म्हणजे पाहुण्यांपुढं उठून दिसतील. पोरींनी भांडी घासावीत तसे दगड घासले. मी माझा विहिरीतला दगड हातात घेतला, राख घेतली, आणि अब्बा चाकावरून ओरडले, "घासू नगंस!" मी दचकले. त्यांनी जवळ बोलावलं. एक जुना जांबिया धारेला आला होता, तो दाखवला. "ह्याच्यावरचा गंज बगून मी सांगतो ह्यो किती दीस पडून हुता. घासला की त्याचं बोलणं संपलं. तुज्या दगडावर ती चुनखडी बसलीया ना, ती घाव घातल्यावर बसलीया, घावाच्या आत बसलीया. ती जखमंवरची खपली हाय. काढशील तर पुरावा घालवशील."

मी दगड तसाच नेला. सर म्हणाले, "हे काय, घासला नाहीस?" मी म्हटलं, नाही घासणार. "नाही?" नाही. सगळ्या वर्गापुढं. त्यांनी तो उचलून टेबलाखाली ठेवला. टेबलावर अब्बांच्या कपच्या, तेल लावलेल्या, पांढऱ्या कापडावर. आणि टेबलाखाली खडूच्या खोक्यात माझा दगड, सोबत कुणीतरी आणलेली फुटकी वीट.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी घरात हाच विषय. अम्मा म्हणाली, गप्प बस, आण्णांच्या ऊसतोडीच्या टोळीचे कोयते आपल्याकडं येतात, हंगाम तोंडावर आलाय, त्यांच्या पोराला खोटं पाडून आपण खायचं काय? तिचं चूक नव्हतं. मला तेव्हा ती भित्री वाटली, आज कळतं की चुलीवरचा तवा तिला चालवायचा होता. मी अब्बांकडं बघितलं. ते भाकरी मोडत म्हणाले, "मला इचारलं तर मी सांगीन. आपणहून जाऊन कुणाचा मांडव मोडणार न्हाई." मी म्हटलं, आणि माझा दगड? टेबलाखाली? त्यांनी पुढचा घास चटणीत बुडवला. त्या दोघांचाही मला संताप आला. मी न जेवता उठले, म्हणजे तसं दाखवलं. चटणी-भाकरी नंतर चुलीमागं बसून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या बाई आल्या. मला वाटलं होतं कुणी भारदस्त असतील. किडकिडीत, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात दोरीला भिंग. त्या एकेक कपची उचलायच्या, भिंगातून बघायच्या आणि खाली ठेवायच्या. एकीचा त्यांनी वासही घेतला, खोबरेलाचा असणार. आण्णा फेट्यात उभे, विजय नव्या सदऱ्यात, सर घामाघूम. बाई काहीच बोलत नव्हत्या, आणि त्यांच्या गप्प बसण्याला सगळे कौतुक समजत होते. आण्णा म्हणाले, "बाई, आमचं गाव लय जुनं हाय, हे आता तुमी लिवून द्या."

"लिहू नका!" मी बोलले. माझाच आवाज मला परका वाटला. "ते जुनं न्हाई. ते आमच्या अब्बांनी फोडलंय. गेल्या आषाढात."

एकच गलका झाला. हेडमास्तर धावले, सरांनी डोळे मिटले. आण्णा म्हणाले, "ए पोरी, लय शानी झालीस व्हय? पुरावा काय?" मी म्हटलं, आणते. आणि मांडवाच्या दाराकडं वळले तर दारात अब्बा उभे होते. अनवाणी, अंगावर चाकाचे काळे शिंतोडे, दोन्ही हातांत पोटाशी धरलेला मोठा काळा गोटा, ज्याच्यातून त्या कपच्या निघाल्या होत्या तोच. आपणहून जाणार नाही म्हणणारा माणूस आपणहून आला होता. मला रडू फुटलं, आणि मी ते दाबलं, कारण आत्ता रडले असते तर हरले असते.

"बाबू," आण्णा म्हणाले, "हे तुजं हाय?"

"व्हय आण्णा. माजंच."

अब्बांनी गोटा टेबलावर ठेवला. मी विजयची कपची उचलली. कुठं बसते ते मला पाठ होतं. गोट्यावरच्या खाचेत ती ठेवली आणि दाबली. ती अशी बसली की मधली रेघ दिसेना. मी हात काढला तरी ती पडली नाही. दुसरी लावली, तिसरी लावली. पोरं टाचा उंचावून बघायला लागली. पुण्याच्या बाईंनी ती कपची काढून पुन्हा स्वतः लावून बघितली आणि म्हणाल्या, "मुली, मी हे कसं सांगावं याच विचारात होते. या सगळ्या ताज्या आहेत. पण इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं."

मला वाटलं, जिंकले. कसलं काय! मी टेबलाखालून माझा दगड काढून बाईंपुढं धरला, तर मागून कुणीतरी बोललं, "आता हेबी बाबूनंच केलं आसंल की." आणि सगळे हसले. हसू पसरतच गेलं. खरं बोलून मी माझ्याच दगडाचं वाटोळं केलं होतं. ज्या बापाला कपच्या काढता येतात त्याच्या पोरीच्या दगडावर कोण विश्वास ठेवणार? बाई हसल्या नाहीत, पण दगड हातात घेऊन म्हणाल्या, "शंका बरोबर आहे. वडिलांनी नाही केला कशावरून? नदीनंच नाही फोडला कशावरून?"

मी तेव्हा जे बोलले ते एका दमात बोलले. नदी एकाच कडेला पाळीपाळीनं दोन्ही बाजूंनी मारत नसते म्हणाले. मुठीत धरायची बाजू तशीच गोल ठेवलीय, ती बघा म्हणाले. आणि अब्बांनी केला म्हणता, तर घावांच्या आत चुनखडी कुणी भरली? अब्बांच्या गोट्यावर दाखवा चुनखडी! "अब्बांच्या घावावर अजून खपली न्हाई. ह्याच्या सगळ्या घावांवर हाय. सरांनी घासायला सांगितला हुता, मी घासला न्हाई."

बाईंनी सरांना प्रयोगशाळेतली आम्लाची बाटली मागितली. सरांनीच ती आणली. एका घावाच्या खोल कडेला बाईंनी एक थेंब सोडला. पांढरा फेस आला, चुर्र झालं, म्हणजे ती चुनखडीच. बाईंनी नखानं खालचा दगड खरवडून बघितला. घावाचा आतला पृष्ठभाग विटकरी, जुनाट झालेला, अब्बांच्या निळ्याकाळ्या कपच्यांहून वेगळा. त्या माझ्याकडं न बघता अब्बांना म्हणाल्या, "तुमच्या मुलीचा दगड खरा आहे. हा माणसानं केलाय, आणि फार फार पूर्वी." अब्बा म्हणाले, "मला म्हाईत हाय." बस्स, एवढंच.

दगड पुण्याला न्यायचा ठरला. बाईंच्या वहीत नोंद करताना हेडमास्तर म्हणाले, शोधणाऱ्याच्या जागी शाळेचं नाव लिहा. मी म्हटलं, शाळेनं तर टेबलाखाली ठेवला होता. बाईंनी पेन माझ्या हातात दिलं. मी माझ्या हातानं माझं नाव लिहिलं, बापाच्या नावासकट.

त्या हंगामात आण्णांच्या टोळीचे कोयते आमच्याकडं आले नाहीत. अब्बा सायकलवर चाक बांधून आष्ट्याच्या बाजारात बसायला लागले, आणि पुढं आमचं दुकान तिथंच झालं, जे मी म्हातारी होईपर्यंत चालवलं. अम्मा महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. मी माफी मागितली नाही, आजही मागणार नाही. देशमाने सर दिवाळीनंतर आले, हातात बायकोची विळी. म्हणाले, "हमिदा, धार बघून सांग. खरी सांग." मी चिंधी ओढली. म्हटलं, "सर, साफ बोथट हाय." ते खूप हसले आणि मग डोळे पुसायला लागले. चूक कबूल करायला असं दारात येणारी माणसं मी पुढं फार बघितली नाहीत.

अब्बांना जाऊन बरीच वर्षं झाल्यावर मी एकदा पुण्याला गेले, दगड बघायचा हट्ट धरून. पुष्कळ दारं ठोठावली, पुष्कळ "उद्या या" ऐकलं, मी हलले नाही. शेवटी संग्रहालयातल्या एका तरुण मुलीनं खण ओढला. माझा दगड कापसात निजलेला, अंगावर बारीक आकडा, चुनखडी जशीच्या तशी. तिनं जुनी वही काढली. माझं नववीतलं तिरकं अक्षर, हमिदा बाबू शिकलगार. त्यापुढच्या रकान्यात, सापडलेली स्थिती, तिथं बाईंच्या अक्षरात दोनच शब्द होते, 'न धुतलेला.' मला अब्बांचं चाकावरून ओरडणं ऐकू आलं. ते हे बघायला हवे होते, एवढीच एक गोष्ट मला अजून सहन होत नाही.

मुलगी म्हणाली, "आजी, हा तुम्ही शोधलात?"

मी म्हटलं, "व्हय. आन् घासला न्हाई."